चालत्या इमारतीत सावेता

बुखारेस्टच्या आमच्या त्या भागात मोज्यांच्या शिड्या भरून देणाऱ्या दोन बायका होत्या. एकीचं सहकारी संस्थेचं दुकान होतं, पाटीबिटी लावलेलं. दुसरी सावेता. ती घरीच काम करायची, दार लावून, पडदा ओढून, कारण असं घरी बसून काम करायला परवानगी नव्हती. नायलॉनच्या मोज्याचा एक टाका सुटला की गुडघ्यापासून टाचेपर्यंत सरळ शिडी पडते, आणि नवा मोजा कधी दुकानात येईल ते कुणीच सांगू शकत नसे. सावेता काचेच्या पेल्याच्या तोंडावर मोजा ताणून बसवायची आणि केसाएवढ्या बारीक आकडीच्या सुईने सुटलेले टाके एकेक करून वर उचलत न्यायची. काम झालं की शिडी कुठे होती ते तिला स्वतःलाही सापडायचं नाही.

हात असे स्थिर, आणि बाकी सगळं अंग भीतीचं. छपन्न वर्षांची बाई, पण जिन्यात कुणी जोरात दार आपटलं तरी ती उठून चौकटीत जाऊन उभी राहायची. ती रात्री बूट घालून झोपायची. कागदपत्रं, विवाहाचा दाखला, थोडे कपडे अशी पिशवी कायम दाराच्या खुंटीला. कुणाच्या घरी गेली तर आधी छताकडे बघायची, तुळई कुठून कुठे गेलीये ते हेरायची आणि मग तिच्याखालीच खुर्ची ओढायची. लोक हसायचे. पण हसणारेही फार हसत नसत, कारण सत्त्याहत्तरच्या मार्चमधला भूकंप सगळ्यांनीच पाहिला होता.

त्या रात्री सावेता आणि तिचा नवरा कोस्ताके सहाव्या मजल्यावरच्या त्यांच्या जुन्या घरात जेवायला बसले होते. कोस्ताके ट्राम डेपोत फिटर होता, गडी उंच, आवाज मोठा. जमिनीखालून ट्रक गेल्यासारखा आवाज आला, दिवा हेलकावे खायला लागला. "चल, चल, खाली!" असं ओरडत कोस्ताके जिन्याकडे धावला. सावेता स्वयंपाकघराच्या चौकटीत उभी राहिली आणि तिथेच खिळली. पाय हलेनात. उघड्या दारातून तिला जिना दिसत होता. तो भिंतीपासून सुटून डोलत होता, हे तिला कोस्ताकेच्या आधी दिसलं. तिने तोंड उघडलं. आवाजच निघाला नाही. मग जिनाही नव्हता आणि कोस्ताकेही नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी अग्निशमन दलाच्या शिडीवरून तिला खाली उतरवलं. "जागची हलली नाहीस म्हणून वाचलीस," असं पुढे वर्षानुवर्षं लोक तिला सांगत राहिले. ती मान हलवायची. न निघालेल्या आवाजाबद्दल तिने कुणाला काही सांगितलं नाही.

नंतर तिला आमच्या इमारतीत जागा मिळाली. तिने तळमजला मागितला होता, मिळाला चौथा. पाच मजल्यांची इमारत, तशी नवीन, रस्त्याला लागून, समोर लिंडनची झाडं. मधे शहाऐंशीच्या ऑगस्टमध्ये पुन्हा एकदा जमीन हलली. इमारतीचा टवकाही उडाला नाही, पण सावेता तीन दिवस समोरच्या बागेतल्या बाकावरून उठली नाही.

आणि सत्त्याऐंशीच्या वसंतात पर्लोगने सगळ्यांना जिन्यात बोलावलं.

पर्लोग म्हणजे आमच्या इमारतीचा व्यवस्थापक. बुटका, गुबगुबीत, कोटाच्या खिशात निळी वही. कुणाकडे कोण आलं, कोण किती वाजता गेलं, रांगेत उभं राहून कोण काय बोललं, हे त्या वहीत जातं असं सगळे धरून चालायचे. खरंच जात होतं की नाही, कुणी पाहिलं नव्हतं. पाहायची गरजही नव्हती.

"रस्ता रुंद होणार आहे," पर्लोग म्हणाला. "इमारत बावीस मीटर मागे घेणार."

"मागे घेणार म्हणजे पाडणार?" पहिल्या मजल्यावरची ल्युबा म्हणाली. दोन्ही बाजूंच्या गल्ल्यांतली घरं त्या हिवाळ्यात बुलडोझरखाली गेली होती. लोकांना सामान बांधायला जेमतेम वेळ मिळाला होता.

"पाडायला काय झालंय? सरकवणार. खालून कापायची, रूळ घालायचे, ढकलायची."

"आणि आम्ही?"

"तुम्हीपण सरकणार!" पर्लोग स्वतःच्या विनोदावर हसला. मग त्याने कोण कोण हसलं नाही ते पाहिलं, तेव्हा बाकीचेही हसले. सावेता कठड्याला धरून उभी होती.

दुसऱ्या आठवड्यात तळघर रिकामं करायला सांगितलं. सगळ्यांची कोबीच्या लोणच्याची पिंपं, बटाट्याची पोती, मोडक्या सायकली वर आल्या, आणि खाली मशिनं गेली. सकाळी सात ते संध्याकाळी सात, जमिनीतून दात कोरल्यासारखा आवाज. पेल्यावर ताणलेला मोजा थरथरायचा. सावेता सुई खाली ठेवायची, उचलायची, परत ठेवायची. मक्याच्या पिठाच्या मामालिगाचा घास तोंडातच फिरत राहायचा.

एक दिवस तिला कळलं की पाकातल्या आंबट चेरींच्या दोन बरण्या खालीच राहिल्यात. त्या आणायला ती मजुरांच्या जेवणाच्या सुट्टीत तळघरात उतरली. उतरली ते बरं झालं नाही. भिंत जिथे जमिनीतून वर यायची तिथे आता फट होती. या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग फट, आणि तिच्यातून पलीकडच्या अंगणातला उजेड येत होता. वर अख्खी इमारत, वीस बिऱ्हाडं, लोखंडी पलंग, कपाटं, न्हाणीघरं, माणसं. खाली रूळ. मधे तेलाने काळी झालेली लोखंडी चाकं, जेवणाच्या ताटाएवढी.

"मावशी, तिथे थांबू नका," मागून कुणीतरी म्हणालं.

तो इंजिनियर सोफ्रोनी होता. पस्तिशीचा, डोक्यापासून पायापर्यंत सिमेंटच्या धुळीने पांढरा, सारखा खोकत असायचा.

"ही... ही कशावर उभी आहे?" सावेताने विचारलं.

"चाकांवर."

"आणि चाकं?"

"रुळांवर. आणि रूळ जमिनीवर, मावशी. पूर्वीही जमिनीवरच उभी होती ना?"

दोन्ही बरण्या सावेताच्या हातात होत्या. तिने त्यातली एक त्याच्या हातात कोंबली आणि वर पळाली. आपण असं का केलं ते तिलाही समजलं नाही.

तिने ठरवलं. इमारत हलवायच्या आदल्या दिवशीच बहिणीकडे जुर्जूला जायचं, आणि सगळं झालं की परत यायचं. बहिणीला पत्रही टाकलं. बाकीचे सगळेही त्या दिवसापुरते बाहेर पडणार होते. कायद्याने कुणाला घर सोडायची सक्ती नव्हती, पाण्याच्या आणि गॅसच्या नळ्या रबराच्या जोडणार होते, पण आत बसून बघायची हौस कुणालाच नव्हती.

प्रश्न फक्त आग्लायाबाईंचा होता.

आग्लायाबाई दुसऱ्या मजल्यावर राहायच्या. चाळीस वर्षं भूगोल आणि इतिहास शिकवलेल्या. आता वय एक्याऐंशी, कमरेखालचं अंग गेलेलं, पलंग खिडकीशी. पुतण्या पंधरवड्यातून एकदा यायचा. अधल्यामधल्या दिवशी कुणी चोर्बा, म्हणजे आंबट सूप, नेऊन द्यायचं, कुणी चादर बदलायचं. सावेता त्यांचे मोजे फुकट भरून द्यायची. त्या मोजे घालून कुठे जाणार होत्या कोण जाणे, पण शिडी पडलेला मोजा त्यांना पायात चालत नसे.

"मला स्ट्रेचरवर घालायचं नाही," त्यांनी पर्लोगला सांगितलं. "सत्त्याहत्तरला खाली नेलंत आणि शाळेच्या बोळात दोन दिवस विसरलात. मी इथून हलणार नाही. इमारत हलू दे."

सोफ्रोनी म्हणाला, हरकत नाही, पण सोबत एक धडधाकट माणूस पाहिजे आणि त्याची सही पाहिजे. मग पर्लोग कागद घेऊन दारोदार फिरला. कुणाची ड्यूटी होती, कुणाचा रक्तदाब, कुणाची आई गावी आजारी. शेवटी तो चौथ्या मजल्यावर आला.

"मी?" सावेता म्हणाली. "अहो, मी जुर्जूला चाललेय. मला कशाला... तुम्हाला माहीत आहे ना मी कशी आहे ते!"

"माहीत आहे की." पर्लोग आत आला. टेबलावरच्या पेल्याकडे, त्यावर ताणलेल्या मोज्याकडे त्याने बराच वेळ पाहिलं. बाजूला सात मोजे घडी घालून ठेवले होते, सगळे वेगवेगळ्या मापाचे. "पाय बरेच दिसतात तुम्हाला, कॉम्रेड सावेता."

सावेताने मोजे हाताने झाकले.

"मी काही बोललो का?" पर्लोग म्हणाला. "माणसाने माणसाला मदत करावी एवढंच माझं म्हणणं." आणि त्याने पेन पुढे केलं.

माणसाला एका वेळी किती भीती बाळगता येते याला काही मर्यादा असावी. इमारतीची भीती पर्लोगच्या निळ्या वहीपुढे उभी राहिली आणि हरली. सावेताने सही केली. 'स्वतःच्या जबाबदारीवर, स्वखुशीने.' रात्रभर ती पलंगाच्या कडेवर बसून राहिली.

सकाळी साडेसहाला सगळे खाली उतरले. ल्युबाने पिंजऱ्यातला पोपट नेला, तिच्या नवऱ्याने रेडिओ. पर्लोग दोन सुटकेस घेऊन उतरला, आणि एवढं काय भरलंय हे त्याला कुणी विचारलं नाही. सावेता आपली पिशवी, पेला, सुई, मोजे आणि उरलेली चेरीची बरणी घेऊन दुसऱ्या मजल्यावर गेली. बाहेरच्या पायऱ्या आदल्या दिवशीच तोडल्या होत्या. त्यांच्या जागी लाकडी फळ्यांचा उतार होता. शेवटचा माणूस उतरला आणि मजुरांनी तोही काढून घेतला. आता उंबऱ्यापासून जमीन पुरुषभर खाली होती.

"ये, बस," आग्लायाबाई म्हणाल्या. "तुळई त्या तिथे आहे, कपाटाच्या वर. मी तुझ्यासाठी खुर्ची तिकडे ठेवायला सांगितलीये."

सावेता बसली. सात वाजता खाली शिट्टी झाली. मग मोटारींची घरघर. मग काहीच नाही.

"सुरू झालं का?" सावेताने विचारलं.

"मला काय विचारतेस? तूच भूकंपमापक आहेस आमच्या इमारतीतली."

दिवा हलत नव्हता. ग्लासातलं पाणी हलत नव्हतं. पाच मिनिटं, दहा मिनिटं. आणि मग सावेताची नजर खिडकीबाहेर गेली. लिंडनची फांदी रोज काचेला टेकलेली असायची. आता फांदी आणि काच यांच्यामधून हात घालता आला असता. ती बघत राहिली. फांदी लांब जात होती, कुणाच्याही लक्षात येणार नाही इतकी सावकाश, घड्याळाच्या तासकाट्यासारखी. घर हललं असतं, गदगदलं असतं, तर तिला ओळखीचं तरी वाटलं असतं. या गुपचूप जाण्याने तिच्या अंगावर काटा आला.

"बाई, झाड चाललंय."

"झाड नाही, आपण. पडदा ओढ, नको बघूस. आणि मोजा काढ."

सावेताने पेल्यावर मोजा ताणला. पहिला टाका उचलायला तिला चार वेळा प्रयत्न करावा लागला. आग्लायाबाई बोलायला लागल्या आणि मग थांबल्याच नाहीत.

"घाबरायचं काय त्यात? या शहरात काही जागच्या जागी राहिलंय का कधी? देवळं रुळांवरून नेलीत यांनी, नव्या इमारतींच्या मागे लपवलीत. समोरून जाणाऱ्याला पत्ताही लागत नाही. आपली नदी घे. दिंबोवित्सा. वर स्वच्छ पाणी वाहतं आणि तिच्याच पोटाखाली काँक्रीटच्या बोगद्यातून सगळ्या शहराचं सांडपाणी. एकावर एक दोन नद्या! वरच्या नदीत पोरं गळ टाकून बसतात."

"हो, बाई."

"माझ्या आजीच्या आजीच्या काळात इथले रस्ते लाकडी होते. ओकाच्या फळ्या आडव्या टाकलेल्या, आणि खाली घाण पाणी. घोडागाडी गेली की फटीतून कारंजं उडायचं, नवऱ्या मुलीच्या झग्यावरसुद्धा. आणि त्याच चिखलातल्या शहराने जगात सगळ्यांच्या आधी रस्त्यावर रॉकेलचे दिवे लावले, असं आम्ही मुलांना शिकवायचो. पॅरिसच्या आधी! आणि आता बघ, संध्याकाळी जिन्यात एक बल्ब नसतो."

"हळू बोला, बाई," सावेता पुटपुटली.

"कोण ऐकतंय? ऐकणारे सगळे फुटपाथवर उभे आहेत." आग्लायाबाईंनी श्वास घेतला. "आणि ते अथेनेउम, गोल घुमटाचं. ते गोल का आहे? कारण तिथे आधी घोड्यांची सर्कस बांधायची होती. पाया गोल घातला, पैसे संपले, मग त्यावर संगीताचं मंदिर उभं केलं. पाया एकाचा, वर घर दुसऱ्याचं. चालतं ते!"

दहा वाजले. अकरा वाजले. सावेताने दोन मोजे पुरे केले. तिला स्वतःचंच आश्चर्य वाटत होतं, पण आश्चर्य वाटतंय हे लक्षात आलं की लगेच सुईवरचा टाका निसटायचा. तिने स्टोव्हवर जवा-हरभऱ्याची नकली कॉफी केली. आग्लायाबाईंना उशीला टेकवून बसवलं, पाजली. त्यांनी चादर मुठीत इतकी घट्ट धरली होती की बोटं पांढरी पडली होती. सावेताने ते पाहिलं, पण त्या मुठीचा अर्थ तेव्हा तिच्या डोक्यात शिरला नाही. स्वतःच्या भीतीपुढे तिच्याकडे दुसऱ्या कशाला जागा उरली नव्हती.

एक वाजून गेल्यावर बंदूक सुटल्यासारखा आवाज झाला.

जमीन एकदा जोरात खाली बसली आणि थांबली. दाराच्या वरच्या भिंतीतून गिलाव्याचा पोपडा सुटून खाली आला, कपाटातले कप एकमेकांवर आपटले. पेला सावेताच्या हातून पडून फुटला. पुढचं काही तिला ठरवून केल्याचं आठवत नाही. ती दाराबाहेर होती. ती जिन्यात होती. ती कठडा धरून खाली पळत होती, बूट वाजत होते, आणि डोक्यात फक्त एकच गोष्ट, खाली, खाली.

पहिल्या मजल्याच्या वळणावर खिडकी होती. तिच्यातून तिला बाहेर दिसलं. इमारत अर्ध्या वाटेवर होती. खाली जुन्या पायाचा उघडा खड्डा, त्याच्या पलीकडे फुटपाथवर सगळी माणसं, सगळ्यांची तोंडं वर. ल्युबा पोपटाचा पिंजरा छातीशी धरून क्रूसाची खूण करत होती. पर्लोग सुटकेसवर बसला होता. आणि दाराबाहेर उतरायला काहीच नव्हतं. सावेता जिन्यावरच होती, आणि कोस्ताकेही जिन्यावरच होता हे तिला आठवलं. ती पायरीवर बसली. खाली जाता येईना, वर जाता येईना. तिला हाक मारायची होती, फुटपाथवर कुणालाही, अगदी पर्लोगलाही. तिने तोंड उघडलं. दातखिळी बसली होती. दहा वर्षांपूर्वीची तीच.

खाली मोटारी बंद झाल्या होत्या. इतकी शांतता झाली की वरून येणारा आवाज तिला स्वच्छ ऐकू आला.

"डॅन्यूबला डावीकडून मिळणाऱ्या नद्या," आग्लायाबाई म्हणत होत्या. वर्गात म्हणतात तसं, मोठ्याने, एकेक शब्द तोडून. पण आवाज फाटला होता. "पश्चिमेकडून पूर्वेकडे. जिऊ. ओल्त. जिऊ... ओल्त..." त्या थांबल्या. "जिऊ. ओल्त." पुन्हा थांबल्या. "ओल्त... ओल्त..."

एक्याऐंशी वर्षांची बाई, पायांत हालचाल नाही, उघड्या दाराकडे बघत एकटी पडलीये आणि तिला पुढची नदी आठवत नाहीये. चाळीस वर्षं मुलांच्या डोक्यात घातलेली नदी. सावेताला ती चादरीवरची मूठ दिसली. आग्लायाबाई सकाळपासून घाबरल्या होत्या. रस्ते, दिवे, सर्कस, सगळं त्या भीतीनेच बोलत होत्या.

"ओल्त..." वरून आलं, आता अगदी हळू.

"वेदेया!" सावेता ओरडली.

स्वतःच्या आवाजाने ती दचकली. जिन्यात तो घुमला. "वेदेया, बाई! मग आर्जेश! आले, मी आले!"

ती चार पायांवरच चढली म्हटलं तरी चालेल, हाताने पायऱ्या धरत, तुळई नाही, चौकट नाही, काही न बघता. खोलीत शिरली तेव्हा आग्लायाबाईंचा चेहरा भिंतीइतका पांढरा होता.

"गेलीस असं वाटलं मला," त्या म्हणाल्या.

"गेले होते."

"मग?"

"खाली उतरायला पायऱ्या नाहीत, बाई."

आग्लायाबाईंनी तिच्याकडे पाहिलं, आणि त्यांच्या घशातून हसण्यासारखा काहीतरी आवाज आला. मग त्यांनी मान फिरवली. "चादर बदलावी लागेल. मला लाज वाटते सांगायला."

सावेताने चादर बदलली. काचा गोळा केल्या. दोघींचेही हात थरथरत होते, पण कुणी कुणापासून लपवत नव्हतं, त्यामुळे काम भराभर झालं. मग सावेताने तुळईखालची खुर्ची उचलली आणि पलंगाला लावली. दोघींनी एकमेकींचा हात धरला. तासाभराने खाली पुन्हा शिट्टी झाली, मोटारी घरघरल्या.

"आता तुम्ही काही सांगू नका," सावेता म्हणाली. "मी सांगते."

"तू काय सांगणार?"

"मला भीती वाटतेय."

"मलाही. सांग पुढे."

तेव्हा सावेताने कोस्ताकेचं सांगितलं. जिना तिला आधी दिसला ते. आवाज निघाला नाही ते. दहा वर्षांत पहिल्यांदा, आणि घर पायाखालून चालत असताना. ऐकून झाल्यावर आग्लायाबाई फक्त म्हणाल्या, "तो थांबला असता असं वाटतं तुला?"

"कोस्ताके? तो कुणाचं ऐकायचा नाही." आणि मग सावेता रडली, इतकी की खालचा आवाजही तिला काही काळ ऐकू आला नाही.

साडेपाचच्या सुमाराला इमारत थांबली. सोफ्रोनी शिडी लावून सगळ्यांच्या आधी वर आला. ओठ सुकलेले, डोळे लाल. त्याने दारावरच्या भिंतीतली भेग बोटाने मापली, तिच्यावर आडवी प्लास्टरची पट्टी ओढली आणि ओल्या प्लास्टरवर खिळ्याने तारीख कोरली. "ही पट्टी तडकली तर मला निरोप पाठवा. नाही तडकली तर काळजी नाही. एका ठिकाणी रूळ दबला होता, बाकी काही नाही."

"बाकी काही नाही!" आग्लायाबाई म्हणाल्या. "इथे आमचा जीव टांगणीला लागला होता, तरुण माणसा."

सोफ्रोनी कपाटाला टेकला. "तो आवाज झाला तेव्हा मी इमारतीच्या खाली होतो, बाई. माझे पाय मला बाहेर काढायला तयार नव्हते." त्याने प्यायला पाणी मागितलं. नळाला पाणी नव्हतं. सावेताने चेरीची बरणी उघडली. तो उभ्याउभ्याच चमच्याने खात राहिला, अर्धी बरणी संपेपर्यंत, आणि मग खुर्चीत बसला तो तसाच झोपला.

लोक वर आले. कुणी घरात झालेलं नुकसान बघत होतं, कुणी खिडकीतून बाहेर. समोर आता लिंडन नव्हतं. मोकळी धुळीची पट्टी होती आणि तिच्या पलीकडे, नव्या रस्त्याच्या ऐन मध्यावर, झाडं एकटी उभी होती. आठवड्याभरात तीही तोडली.

चार दिवसांनी पर्लोग एका वर्तमानपत्राच्या माणसाला घेऊन आला. "हीच ती कॉम्रेड," पर्लोग म्हणाला. माणसाने विचारलं, भीती वाटली का? सावेताने तोंड उघडलं, पण उत्तर पर्लोगने दिलं. "मुळीच नाही." माणसाने लिहून घेतलं. सावेताने मान हलवली, कारण निळी वही खिशातून डोकावत होती.

छापून आलेल्या पाच ओळी ल्युबाने आणून दिल्या. आग्लायाबाईंनी त्या सावेताकडून तीनदा वाचून घेतल्या. "'कॉम्रेड सावेता हिने संपूर्ण दिवस निश्चिंत मनाने विणकामात घालवला. आमच्या अभियंत्यांवर तिचा क्षणभरही अविश्वास नव्हता.'" "विणकाम!" आग्लायाबाई म्हणाल्या. "परत वाच."

"हसू नका ना, बाई. नाव आलंय माझं. आता कुणी विचारायला आलं, कसलं विणकाम, कुणासाठी, तर?" सावेताला खरंच घाम फुटला होता. महिनाभर तिने कुणाचे मोजे घेतले नाहीत.

उन्हाळ्यात ती आपला पलंग खाली आग्लायाबाईंकडे घेऊन आली. वरचं घर नावाला राहिलं. दोघी दीड वर्ष एकत्र राहिल्या. आग्लायाबाई अठ्ठ्याऐंशीच्या डिसेंबरात गेल्या, कडाक्याच्या थंडीत, हीटर जेमतेम कोमट असताना. शेवटच्या आठवड्यात त्यांना खूप भीती वाटत होती आणि त्यांनी ती लपवली नाही. सावेता त्यांच्याजवळून हलली नाही.

सावेताची भीती काही गेली नाही. पण इमारतीत एक नवी सवय पडली. कुणाच्या मुलीला रात्री कळा सुरू झाल्या आणि गाडी येईना, कुणाचा मुलगा सरहद्दीवर नोकरीला गेला आणि पत्र येईना, की लोक सावेताला बोलवायचे. धीट माणसं आली की धीर द्यायची, आणि धीर घेताना माणसाला आणखी एकटं वाटायचं. सावेता धीर देत नसे. ती येऊन बसायची आणि स्वतःच इतकी घाबरलेली असायची की समोरच्याला चेहरा सावरून बसावं लागत नसे.

एकोणनव्वदच्या शरदात ल्युबाच्या नवऱ्याला चौकशीला नेलं. रेडिओवर बाहेरचं केंद्र लावतो, असं कुणीतरी कळवलं होतं. दुपारी नेलं, संध्याकाळ झाली तरी परत नाही. ल्युबाने सावेताला बोलावलं. दोघी स्वयंपाकघरात बसल्या. ल्युबा म्हणाली, "त्याला सोडतील ना?" सावेता म्हणाली, "मला माहीत नाही गं. माझ्याही छातीत धडधडतंय, बघ, हात लाव." ल्युबाने हात लावला. बाहेरच्या खोलीत पोपटाने काहीतरी बडबड केली. जिन्यात पावलं वाजली, दोघींनी श्वास रोखला. पावलं पुढे गेली नाहीत. दार वाजलं.

तोच होता. चेहरा सुजलेला, एका पायात बूट नाही, पण तोच.